रिदम गेमचा नाद : तो तालाचा की आकड्यांचा?

निशाचर (धागाकर्ता) :

मराठीत 'नाद' हा शब्द आवाजालाही चालतो आणि लागलेल्या ओढीलाही चालतो. गाण्याच्या ठोक्यावर कळ दाबायच्या रिदम गेमच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच जागी येऊन बसतात, म्हणून हा चर्चा धागा काढत आहे.

मी गेली सहा वर्षे 'ओसू!' हा संगणकावरचा गेम खेळत आहे. डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने तो 2007 साली काढला आणि तो आजही फुकट मिळतो. पडद्यावर एकामागून एक वर्तुळे उमटतात, प्रत्येकाभोवती एक मोठे कडे असते, ते आक्रसत आत येते, आणि ज्या क्षणी ते वर्तुळाच्या काठाला टेकते, म्हणजे गाण्यातला ठोका ज्या क्षणी पडतो, त्याच क्षणी कर्सर तिथे नेऊन कळ दाबायची असते. त्यात गोष्ट नाही, शत्रू नाही, शोधायचा खजिना नाही. तरीही जेवण झाल्यावर दोन गाणी खेळून झोपू असे म्हणून बसलेला मी कित्येकदा रात्री दीड वाजता उठलो आहे, आणि उठताना मला कंटाळा आलेला नसतो, फक्त मनगट दुखत असते.

हा चपळाईचा खेळ आहे असा बाहेरून पाहणाऱ्याचा समज होतो, पण साधा हिशेब केला तर तो टिकत नाही. आवाज ऐकून बोट हलवायला माणसाला साधारण दीडशे मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. ओसूमध्ये प्रत्येक गाण्याला अचूकतेच्या कठीणपणाचा एक आकडा दिलेला असतो. तो आकडा 5 असेल तर ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे 50 मिलिसेकंदांत कळ दाबली की पूर्ण 300 गुण मिळतात; 8 असेल तर ही सूट 32 मिलिसेकंदांवर येते आणि 10 असेल तर अवघ्या 20 वर. ठोका ऐकून मग कळ दाबणारा माणूस या चौकटीत कधीच बसू शकणार नाही. ठोका पडण्याआधीच बोट निघालेले असावे लागते. म्हणजे खेळाडू ठोक्याला उत्तर देत नसतो, तो ठोक्याचे भाकीत करत असतो, आणि प्रत्येक भाकिताचा निकाल त्याला तिथल्या तिथे, मिलिसेकंदांच्या हिशेबात, लवकर की उशीर या दिशेसकट मिळतो. तीन मिनिटांच्या अवघड गाण्यात असे हजारभर निकाल लागतात. घरात, नोकरीत किंवा शिक्षणात आपल्याला 'बरोबर आलास' असे मिनिटाला तीनशे वेळा कोण सांगते?

माझा दावा एवढाच आहे की या खेळांची ओढ ही लयीशी जुळल्याच्या सुखाची ओढ आहे आणि गुण, पदके, क्रमवारी हा वरचा मुलामा आहे. विरुद्ध मत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

ठेकेदार :

निशाचरजी, आपण लिहिले आहे चांगले, पण मला ते मुळीच पटलेले नाही. मी 26 वर्षे तबला शिकवतो, त्यामुळे 'लय' हा शब्द इतका स्वस्त झालेला पाहून थोडा त्रास होतो, हे आधीच कबूल करतो.

आपण ज्याला भाकीत म्हणता ते मला आज्ञापालन वाटते. ठोका कुठे पडणार हे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवले आहे, तो येताना पडद्यावर दिसतो आहे, आणि आपण तो चुकवायचा नाही. विलंबित एकतालाची साथ करताना दोन मात्रांमधला अवकाश एवढा मोठा असतो की नवशिक्या विद्यार्थ्याचा हात तिथे हमखास घाई करतो. तो अवकाश मला आतल्या आत धरून ठेवावा लागतो, गायक मला पुढे-मागे ओढत असतो, आणि तरीही आम्ही दोघे समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकत्र उतरतो तेव्हा समोरच्या माना आपोआप हलतात. त्या सुखात कुणी कुणाला गुण देत नाही. शिवाय समेच्या आधी येण्याला आपल्याकडे अनागत म्हणतात आणि सम निघून गेल्यावर येण्याला अतीत म्हणतात. ही चुकांची नावे नाहीत. जाणता वादक ती जागा मुद्दाम घेतो, ऐकणाऱ्याला क्षणभर चकवतो आणि मग ठेक्यावर परत आणतो. आपल्या गेमला अतीत कळत नाही, त्याला फक्त 'लेट' कळते.

आता अनुभव सांगतो. मे महिन्याच्या सुट्टीत माझा चौदा वर्षांचा भाचा आमच्याकडे आला होता. त्याने मला ओसूतला 'ताइको' हा प्रकार लावून दिला. लाल ठिपका आला की ढोलाच्या मध्यावर आघात आणि निळा आला की काठावर, एवढेच त्यात आहे. जपानच्या नाम्को कंपनीने 2001 साली आणलेल्या 'ताइको नो तात्सुजिन' या आर्केड गेमची ती रीत आहे. दोनच बोल, म्हणून मी निर्धास्त बसलो. भाच्याचे इयरफोन कानात घातले आणि वाजवू लागलो. बहुतेक आघात गेमने हुकलेले ठरवले आणि जे पकडले ते सगळे उशिराचे निघाले. भाच्याला टाळी आणि खाली यांतला फरक माहीत नाही. त्याने तेच गाणे, तेच इयरफोन घालून, एकही आघात न सोडता पुरे केले. ज्या खेळात आयुष्यभर ताल धरलेला माणूस नापास होतो आणि ताल न शिकलेला मुलगा पैकीच्या पैकी मिळवतो, त्या खेळाच्या नादाला लयीचा नाद कसे म्हणायचे?

कोडगा :

ठेकेदार सर, इयरफोन बिनतारी होते का? तसे धरूनच पुढचे लिहितो, कारण लक्षणे अगदी तीच आहेत.

साध्या ब्लूटूथ इयरफोनमधून आवाज कानापर्यंत पोचायला दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद लागणे ही नेहमीची बाब आहे. ध्वनी आधी दाबून लहान केला जातो, मग पाठवला जातो, पलीकडे थोडा साठवला जातो आणि मग उलगडून ऐकवला जातो. चित्रपट पाहताना हे लक्षात येत नाही, कारण चित्रही तेवढेच मागे ठेवण्याची सोय तिथे असते. गेममध्ये ती सोय चालत नाही, कारण पडद्याने हाताला ताबडतोब उत्तर द्यावे लागते. तुम्ही कानाने वाजवत होता. ऐकू आलेल्या ठोक्यावर तुमचा हात अचूक पडत होता, पण गेमच्या घड्याळात तो ठोका केव्हाच होऊन गेला होता. त्यातून तुमच्या आघाताचा आवाज तुम्हाला आणखी मागाहून ऐकू येत असणार, म्हणजे गोंधळात भर. गेमने तुम्हाला नापास केले ते तुमची लय पक्की होती म्हणून.

(हे काही गेमपुरते नाही. आवाजाला एक मीटर कापायला जवळपास 3 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकात तीस मीटर मागे उभा असलेला ढोलवाला पुढच्या ताशाचा आवाज 90 मिलिसेकंदांच्या आसपास उशिराने ऐकतो. तो केवळ कानावर विसंबला तर पथक फाटेल. म्हणून तर पुढून हाताच्या खुणा चालतात.)

पण या खुलाशाने निशाचर यांचा दावा वाचतो असे मी म्हणणार नाही, उलट तो अडचणीत येतो. पाव सेकंद मागे पडलेल्या गाण्यावर भाचा जर पूर्ण गुण मिळवत असेल, तर तो गाण्याबरोबर वाजवतच नव्हता. तो ठिपक्यांबरोबर वाजवत होता. गाणे त्याच्यासाठी पार्श्वसंगीत होते.

दुसरे म्हणजे, ज्या निकालाचे तुम्ही कौतुक करता तो निकाल फार उदार असतो. अलीकडे 50 आणि पलीकडे 50 म्हणजे एकूण 100 मिलिसेकंदांची खिडकी झाली. मिनिटाला 180 ठोक्यांच्या गाण्यात एका ठोक्याचा चौथा भाग 83 मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे चौथ्या भागापेक्षाही रुंद अशा दारातून कसेही आत शिरलात तरी गेम तुमची पाठ थोपटतो. मी स्वतः मोबाईलसाठी असा एक छोटा गेम लिहिला होता. खिडकी अरुंद ठेवली तेव्हा खेळून पाहणाऱ्या मित्रांनी 'गेम बिघडला आहे' अशी तक्रार केली. ती रुंद केली तेव्हा त्याच मित्रांनी 'आता माझा हात बसला' असे सांगितले. हात कुणाचाच बसला नव्हता.

माझ्या मते खरी मोहिनी आणखी एका युक्तीत आहे. कोनामी या जपानी कंपनीच्या 1997 च्या 'बीटमॅनिया'त पाच कळा आणि एक फिरती तबकडी होती, आणि कळ दाबली की गाण्याचाच एक तुकडा वाजत असे. कळ चुकली तर तो तुकडा वाजत नसे आणि गाण्याला भोक पडत असे. प्लास्टिकची गिटार हातात धरून खेळायच्या 'गिटार हीरो'तही सूर चुकला की गिटारीचा आवाज गप्प होतो. याचा परिणाम असा होतो की ज्या माणसाने जन्मात वाद्याला हात लावलेला नाही त्याला आपण वाजवतो आहोत असे वाटू लागते. वाद्य शिकायला दहा वर्षे लागतात आणि हा भास दहा मिनिटांत मिळतो. ओढ त्या भासाची आहे.

ठेकेदार सर, शक्य असेल तर एक प्रयोग करून पाहावा. भाच्याला आवाज पूर्ण बंद करून खेळायला सांगा. गुण किती पडतात आणि तो किती वेळ बसतो, हे दोन्ही टिपून ठेवा.

ठेकेदार :

इयरफोन बिनतारीच होते. आपला खुलासा वाचून जरा बरे वाटले, हे लपवत नाही. प्रयोग करून कळवतो.

ओसाकाकर :

मी काही वर्षे कामानिमित्त जपानमध्ये होतो. तिथे या खेळांना 'ओतोगे' म्हणतात, आणि ते घरात एकट्याने खेळायचे खेळ म्हणून वाढले नाहीत. संध्याकाळी गेम सेंटरमध्ये गेले की 100 येनचे नाणे टाकायचे, बहुधा तीन गाणी मिळायची, आणि ती संपली की मागे उभ्या असलेल्या माणसाला जागा द्यायची. 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' (1998) तर पायांनी खेळायचा गेम आहे; चौथ्या गाण्याला पोटऱ्या भरून येतात. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने 2006 साली तो सरकारी शाळांत व्यायाम म्हणून आणायचे ठरवले होते. ज्या यंत्रासमोर शरीर थकते, पैसे संपतात आणि मागे रांग असते, तिथे तुम्ही म्हणता तशी रात्री दीडपर्यंतची ओढ तयारच होत नाही. ओढ लय लावत नाही, थांबवणारे कुणी नसणे ती लावते, असे माझे मत आहे.

आणि लयीत एवढी ताकद असती तर 'गिटार हीरो' कोसळला नसता. 2005 मध्ये तो आला, 2007 मधल्या तिसऱ्या भागाने प्रचंड खप केला, 2009 या एकाच वर्षात त्याच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या की दुकानांत प्लास्टिकच्या गिटारींचे ढीग लागले, आणि फेब्रुवारी 2011 मध्ये अॅक्टिव्हिजन या प्रकाशक कंपनीने तो विभागच बंद केला. सहा वर्षांत माणसांच्या मेंदूतली लय बदलली नव्हती.

मनोवेध :

मी मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून सुरुवातीला एका शब्दाविषयी लिहिते. या धाग्यात 'ओढ' आणि 'नाद' हे शब्द आले, 'व्यसन' आला नाही, हे चांगले झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले, गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्या गोष्टींच्या आधी खेळ येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे, हे सर्व साधारणपणे बारा महिने टिकले आणि त्यामुळे घर, शिक्षण किंवा काम यांची घडी लक्षणीय बिघडली तरच ते निदान करता येते. निशाचर यांचे दुखणारे मनगट आणि दीड वाजताची झोप त्यात बसत नाही.

आता मूळ मुद्दा. 'भाकीत खरे ठरले की सुख मिळते' हे निशाचर यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी 1990 च्या दशकात माकडांच्या मेंदूतील डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची जी नोंद केली, तिच्यात असे दिसले की अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की या पेशी जोरात चेततात. पण दिवा लागला की रस मिळतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्याच्या वेळी चेततात आणि प्रत्यक्ष रसाच्या वेळी शांत राहतात. रस आलाच नाही तर नेहमीपेक्षाही मंदावतात. भाकीत पूर्ण पक्के झाले की त्याच्या खरे ठरण्यात विशेष काही उरत नाही. निशाचर, तुम्हाला पाठ झालेले सोपे गाणे तुम्ही रोज रात्री खेळता का? माझा अंदाज आहे की नाही. तुम्ही ते गाणे शोधता ज्यात दहातले नऊ ठोके लागतात आणि दहावा लागेल की नाही याची धाकधूक असते. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी 1970 च्या दशकात गिर्यारोहक, बुद्धिबळपटू आणि शल्यविशारद यांच्याशी बोलून हेच मांडले होते की काम कौशल्याच्या किंचित वर असते तेव्हा माणूस वेळ विसरतो. रिदम गेममध्ये प्रत्येक गाण्यावर काठिण्याचे तारे छापलेले असल्यामुळे ही 'किंचित वरची' जागा शोधणे फार सोपे होते. बुद्धिबळात तेवढ्याच ताकदीचा प्रतिस्पर्धी शोधावा लागतो. इथे यादीतून निवडायचा.

ठेकेदार सरांच्या बाजूनेही एक पुरावा आहे, तो त्यांना आवडेल. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स' या नियतकालिकात दाखवले की आवडते संगीत ऐकताना अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूच्या एका भागात डोपामिन स्रवते आणि तो क्षण येण्याच्या आधी, वाट पाहण्याच्या काळात, दुसऱ्या भागात स्रवते. समेची वाट पाहणाऱ्या श्रोत्याचे सुख खरे आहे. मात्र ती माणसे नुसती ऐकत होती. त्यांच्या हातात कळ नव्हती आणि समोर गुण नव्हते, त्यामुळे हा पुरावा रिदम गेमला जसाच्या तसा लावता येणार नाही.

दोन लेकरांची आई :

सर्वांचे प्रतिसाद विद्वत्तेचे आहेत, पण माझ्या घरातला प्रश्न निराळा आहे. माझी धाकटी मुलगी मोबाईलवर एक जपानी पद्धतीचा रिदम गेम खेळते. त्यात गाणे दोन मिनिटांचे असते आणि गाण्यानंतरचा कारभार दहा मिनिटांचा असतो. गाणे खेळायला 'ऊर्जा' लागते, ती संपली की अर्ध्या तासाने थोडी भरते किंवा पैसे देऊन लगेच भरते. गायिकांच्या चित्रांचे पत्ते असतात, ते सोडतीत निघतात, हवा तो पत्ता निघत नाही. तिने माझ्या कार्डावरून दोन महिन्यांत जे खर्च केले तो आकडा मी इथे लिहीत नाही. तिला सोडतीशिवाय नुसती गाणी खेळायला दिली तर ती वीस मिनिटांत उठते, हे मी पाहिले आहे. ठरावीक पत्त्यांचा संच जमवला तरच मोठे बक्षीस देणाऱ्या सोडतीला जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने 2012 साली बेकायदा ठरवले, पण साधी सोडत तिथेही चालू आहे. तिला लयीचे नाव देऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

मनोवेध :

ताई, तुमचे म्हणणे पूर्ण मान्य आहे. किती प्रयत्नांनी मिळेल याचा नेम नसलेले बक्षीस फार चिवट सवय लावते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर फार पूर्वी दाखवले होते. कार्डाचा नंबर मोबाईलमधून काढून टाकावा आणि मुलीशी रागाच्या भरात नव्हे तर एखाद्या शांत संध्याकाळी बोलावे.

निशाचर :

सर्वांचे आभार. क्रमाने उत्तर देत नाही, जिथे माझे म्हणणे बदलले आहे तिथून सुरुवात करतो.

मनोवेध यांचा अंदाज खरा आहे. पाठ झालेली गाणी मी खेळत नाही. भाकीत खरे ठरण्याचे सुख असे मी लिहिले होते, ते 'जेमतेम खरे ठरण्याचे' असे वाचावे.

गुण हा केवळ मुलामा आहे, हे म्हणणेही मला मागे घ्यावे लागत आहे, आणि ते या धाग्यामुळे केलेल्या एका प्रयोगामुळे. ओसूमध्ये शिफ्ट आणि टॅब या कळा एकत्र दाबल्या की पडद्यावरचे गुण, कॉम्बो (न चुकता सलग लागलेल्या ठोक्यांची मोजणी), अचूकतेची टक्केवारी सगळे नाहीसे होते. मी आठ दिवस तसा खेळलो. बसलो जवळपास तेवढाच वेळ, पण एक फरक पडला जो मला अपेक्षित नव्हता : मी गाणी शेवटपर्यंत खेळू लागलो. एरवी चाळिसाव्या सेकंदाला एक वर्तुळ हुकले की माझे बोट आपोआप पुन्हा सुरू करण्याच्या कळीवर जाते, कारण कॉम्बो तुटलेला असतो आणि तुटलेल्या कॉम्बोच्या डावाला फारशी किंमत नसते. ही किंमत कशी ठरते तेही सांगण्यासारखे आहे. प्रत्येक खेळाडूचे डाव गुणांनुसार उतरत्या क्रमाने लावले जातात. पहिल्याचे पूर्ण मूल्य धरतात, दुसऱ्याचे 95 टक्के, तिसऱ्याचे त्याच्या 95 टक्के, असे करत चौदाव्या डावाचे मूल्य निम्म्यावर आलेले असते. म्हणजे यादीच्या तळाशी भर घालणाऱ्या बऱ्या डावांपेक्षा एका अपूर्व डावाला जास्त भाव. परिणामी एकाच गाण्याची तीच चाळीस सेकंदे मी एका रात्रीत साठ वेळा खेळलेलो आहे, आणि त्याला संगीत म्हणणे मलाही जड जाते.

पण ओसाकाकर यांचा गिटार हीरोचा दाखला मला उलटा लागू पडतो असे वाटते. तिथे गाणी विकत घ्यावी लागत होती आणि महागडी प्लास्टिकची गिटार लागत होती. काठिण्याची शिडी लवकर संपत होती आणि पुढची पायरी दुकानात होती. कोनामीच्या 'बीटमॅनिया टू डीएक्स'च्या नव्या आवृत्त्या मात्र 1999 पासून निघत आल्या आहेत, आणि ओसूमध्ये गाण्यांवर वर्तुळे बसवण्याचे काम खेळाडूच करतात, त्यामुळे तिथे शिडीला शेवटची पायरीच नाही. कोसळला तो व्यापार.

कोडगा यांच्या 'भासा'विषयी : पहिल्या महिन्यात मला तो भास होत होता. आता होत नाही. मी काही वाजवत नाही हे मला पक्के ठाऊक आहे, आणि तरीही मी बसतो. तेव्हा ओढ भासाची असती तर ती आतापर्यंत विरायला हवी होती. आणि उदार खिडकीचे म्हणाल तर ती सोप्या गाण्यांची आहे. मी ज्या गाण्यांवर अडतो तिथे ती 20-25 मिलिसेकंदांची असते.

ओसाकाकर :

व्यापार कोसळला हे बरोबर, पण ज्यांच्या घरी गिटार आणि गाणी आधीच होती त्यांनी तरी खेळणे का सोडले? माझ्या माहितीतल्या चार जणांच्या गिटारी माळ्यावर गेल्या. थांबवणारे कुणी नव्हते आणि तरी ते थांबले, म्हणजे माझा आधीचा मुद्दाही त्यांना लागू पडत नाही, हे लिहिता लिहिता लक्षात आले.

ठेकेदार :

भाचा गेल्या शनिवारी-रविवारी आला होता, प्रयोग झाला. त्याला कारण न सांगता, आवाज बिघडला आहे असे म्हणून, त्याचेच आवडते गाणे मुक्याने खेळायला लावले. गुण जवळजवळ तेवढेच पडले. शंभरातले दोन-तीन आघात इकडे-तिकडे झाले असतील. तेव्हा तो डोळ्याने खेळतो हे कोडगा यांचे निदान बरोबर निघाले आणि मी मनातून खूश झालो. पण पुढे असे झाले की दुसऱ्या गाण्यानंतर त्याने कीबोर्ड बाजूला ठेवला. गुण चांगले पडत होते, नवा उच्चांक होता होता राहिला होता, आणि तरी तो 'मजा येत नाही, मामा' म्हणून फ्रीज उघडायला गेला. एरवी त्याला जेवायला तीन हाका माराव्या लागतात.

माझ्या म्हणण्याप्रमाणे हा केवळ गुणांचा खेळ असता तर आवाज गेल्याने त्याचे काही बिघडायला नको होते. मला हे मान्य करायला आवडत नाही.

कोडगा :

सर, निष्कर्षाची घाई नको. गाणे त्याच्या आवडीचे होते, म्हणजे ते त्याच्या डोक्यात वाजतच होते. आवाज बंद असला तरी तो पूर्णपणे बंद नव्हता. त्याने पूर्वी कधीही न ऐकलेले गाणे आवाजाविना द्या, आणि गुणांची बेरीज पाहू नका, कुठल्या जागी चुकतो ते पाहा. खेळताना पडद्याच्या तळाशी एक पट्टी असते; तिच्यावर प्रत्येक आघाताची रेघ उमटते, लवकर झाला तर मध्याच्या अलीकडे आणि उशिरा झाला तर पलीकडे. आणखी एक, या वेळी इयरफोन तारेचे घ्या, म्हणजे तुम्हालाही खेळता येईल.

ठेकेदार :

आज तेही केले. अनोळखी गाणे, आवाज बंद. माझा अंदाज होता की भरगच्च जागांत तो अडखळेल, कारण तिथे ठिपके मुंगळ्यांसारखे एकमेकांना चिकटून येतात. तिथे तो व्यवस्थित निघून गेला. चुकला तो मोकळ्या जागांत, जिथे दोन आघातांमध्ये बराच अवकाश होता आणि ठिपका डोळ्यांसमोर सरकताना स्वच्छ दिसत होता. त्या प्रत्येक ठिकाणी तो लवकर होता. मग आवाज सुरू करून तेच गाणे दोनदा ऐकवले आणि पुन्हा खेळायला दिले, तेव्हा त्याच मोकळ्या जागा बऱ्याच सुधारल्या.

विलंबितात नवशिक्याचा हात घाई करतो असे मी वर लिहिले होते, ते अगदी असेच. माझ्या वर्गात ही घाई मोडायला मी पहिले वर्ष नुसते हातावर टाळी देत ठेका म्हणून घेतो, वाद्याला हात लावू देत नाही. भाच्याला तसे सांगितले. त्याने विचारले की त्याने मोकळ्या जागांतले गुण वाढतील का. वाढतील असे मी म्हणालो, तेव्हा तो मांडी घालून समोर बसला आणि आम्ही पंधरा मिनिटे तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजल्या. नंतर तारेचे इयरफोन लावून मी तेच गाणे खेळलो. पट्टीवरच्या माझ्या रेघा या वेळी मध्याच्या किंचित अलीकडे, पण सगळ्या एका जागी पडल्या. भाचा म्हणतो की कॉम्बो मात्र माझा दोनदा तुटला. उद्या पुन्हा बसणार आहे.